लाल रंग कुणाला लावायचा?

(संघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. बोलताना फळ्यावर काढलेली चित्रं इथं शब्दांत सांगितली आहेत.)

पुढं येऊन बसा, आज फळ्यावर बघायचं आहे.

आजचा विषय डॅशबोर्ड. हा शब्द ऐकला की अर्ध्या जणींना वाटतं हे ऑफिसातल्या मॅडमचं काम, आपलं नाही. पण कर्जत स्टेशनवरून कशेळ्याला जाताना रिक्षावाल्या दादाच्या समोर जे काटे असतात ना, त्यालाच डॅशबोर्ड म्हणतात. वेग किती, पेट्रोल किती, एखादा लाल दिवा. बस. गाडीच्या इंजिनात शेकडो गोष्टी चाललेल्या असतात, त्या तिथं दाखवत नाहीत. का? कारण दादाची नजर रस्त्यावर असते. काट्याकडं तो क्षणभर बघणार आणि त्यावरून काहीतरी करणार. काटा खाली आला की पंपावर वळणार. ज्याच्याकडं बघून काहीच करायचं नाही, ते तिथं कशाला?

आपल्याकडं असा डॅशबोर्ड म्हणजे ग्रामसंघाच्या भिंतीवरचा तक्ता, आणि दर महिन्याला मी ग्रुपवर टाकते ते रंगीत शीट. त्या शीटबद्दल मला आधी एक कबुली द्यायची आहे.

मागच्या वर्षीच्या सभेत मी पडद्यावर सगळ्या गटांची यादी दाखवली होती, आठवत असेल. चांगले गट हिरवे, मधले पिवळे, मागं पडलेले लाल. मला ते शीट फार आवडलं होतं. रात्री जागून केलं होतं. जेवणाच्या वेळी एका कातकरी वाडीवरच्या गटाच्या अध्यक्ष मावशी माझ्याजवळ आल्या. ताट हातात होतं, पण जेवत नव्हत्या. म्हणाल्या, "बाय, आमच्या नावापुढं लाल का केलंयस?" मी सांगितलं, तुमच्या पाच महिन्यांच्या बैठका झाल्या नाहीत, हजेरी शून्य आहे. त्या म्हणाल्या, "शून्य कशी? आम्ही भट्टीवर बसायचो की."

ही गोष्ट आपल्या भागातल्या कुणालाच नवीन नाही. दिवाळी झाली की वाडीतली घरं बंद होतात, माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या गटातल्या सहा जणी एकाच भट्टीवर होत्या. त्या महिन्यातून एकदा रात्री बसत होत्या, बचत काढत होत्या, आणि एकीच्या मुलीच्या शाळेच्या वहीत लिहीत होत्या. गटाचं रजिस्टर मात्र वाडीवर पेटीत राहिलं होतं. माझ्याकडं त्या महिन्यांची माहितीच आली नव्हती. रजिस्टरवरून शीट भरताना तिथं रिकामे रकाने होते. रिकामं दिसलं की काम अर्धवट ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी 0 भरून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच केलं.

आता हिशोब बघा. समजा, एका गटाची सात महिने हजेरी 90 टक्के आहे आणि पाच महिन्यांची माहिती आलेली नाही. माहिती नाही तिथं आपण काही लिहिलं नाही, तर त्या सात महिन्यांची सरासरी 90 येते. पण तिथं शून्य लिहिलं, तर 630 भागिले 12, म्हणजे साडेबावन्न. एका शून्यानं चांगला चालणारा गट बंद पडायला आलेला गट होतो. 'आलं नाही' आणि 'झालं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कागदावर त्यांची खूण वेगळी पाहिजे. आता मी रिकाम्या ठिकाणी आडवी रेघ मारते आणि खाली लिहिते, रेघ म्हणजे माहिती मिळाली नाही.

तेच शीट त्या महिन्यात कर्जाच्या फायलींना जोडून पुढं गेलं. त्या गटाची फाईल मागं ठेवली गेली. पेरणी झाल्यावर ती हलली. तोपर्यंत गटातल्या काही जणींच्या घरी पुढच्या हंगामाची उचल घेऊन झाली होती. उचल म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. पैसे आता हातात, आणि दिवाळीनंतरचे दिवस मुकादमाच्या नावावर. माझ्या शीटमुळंच घेतली असं मी म्हणणार नाही, उचल त्याआधीही घेतली जायचीच. पण त्या वर्षी त्यांना दुसरा रस्ता असता, आणि माझ्या लाल रंगानं तो दोन महिने अडवला. म्हणून मी आज रंगाबद्दल आणि आकड्यांबद्दल एवढं बोलते आहे.

मग तक्ता करायचा कसा? आपल्या गावात एक उत्तम आलेख आधीपासूनच आहे. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता. खाली बाळाचं वय महिन्यांत, बाजूला वजन किलोत, आणि मागं हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा. सेविका ताई दर महिन्याला एक ठिपका देतात आणि ठिपके जोडतात. तुमच्यापैकी बहुतेकींनी आपल्या बाळाची ती रेघ पाहिली आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती? पुष्कळ जणी म्हणतील, ठिपका हिरव्यात आहे की नाही. ते आहेच. पण ठिपका हिरव्यात असूनसुद्धा रेघ दोन-तीन महिने आडवी पडली असेल, तर चांगली सेविका तेव्हाच आईला थांबवते. बाळ अजून हिरव्यात आहे, पण वाढ थांबली आहे. एका ठिपक्यावरून हे कळलं नसतं. गटाचंही असंच. या महिन्याचा एकटा आकडा काही सांगत नाही, मागचे महिने शेजारी असले तरच सांगतो.

या तक्त्याची दुसरी खुबी म्हणजे त्यावर एकच प्रश्न आहे: बाळ वाढतंय का? त्यात बाळाची लस, आईचं वजन, घरात संडास आहे का, हे सगळं कोंबलेलं नाही. आपण मात्र एका कागदावर दशसूत्रीची दहाही सूत्रं, बँकेचं कर्ज, समुदाय निधी, विमा आणि वर पाहुण्यांचे फोटो असं सगळं भरतो. दशसूत्री पाळायची आहेच, पण एका चित्रात दहाही सूत्रं दिसलीच पाहिजेत असा काही नियम नाही. तक्ता करायला बसण्याआधी सचिव ताईंनी एक वाक्य लिहावं: हा तक्ता बघून ग्रामसंघ काय ठरवणार आहे? वाक्य सुचलं नाही तर तक्ता करूच नका. वेळ वाचेल.

आणि तेच वाक्य तक्त्याच्या डोक्यावर लिहा. मी पूर्वी लिहायचे, 'थकबाकी स्थिती, तिमाही'. त्यावर एका आजींनी विचारलं होतं, "हे वर चढतंय ते चांगलं का वाईट?" सगळे हसले. पण प्रश्न एकदम बरोबर होता. बचतीचा खांब वर गेला तर चांगलं, थकबाकीचा गेला तर वाईट, आणि दोन्ही मी एकाच निळ्या रंगात काढले होते. आता मी लिहिते, 'थकबाकी तीन महिने वाढते आहे, चार गटांकडं आधी जायला हवं'. मग खालचं चित्र कुणालाही वाचता येतं, आणि वाचता येत नाही तिला शेजारची एका दमात वाचून दाखवते.

आता चित्राचे प्रकार. कॉम्प्युटरमध्ये गोल पोळीसारखं चित्र निघतं, आपण त्याला पाय चार्ट म्हणतो. मला ते फार आवडायचं. चौदा गावांची बचत, चौदा तुकडे, चौदा रंग, वर थोडं कलतं करून त्याला जाडी दिलेली. पोळीचे दोन-तीन तुकडे असतील तर डोळ्याला कळतं कुठला मोठा. चौदा तुकड्यांत नेरळचा मोठा की कडावचा, हे देवालाही कळणार नाही. त्यापेक्षा साधे आडवे खांब काढा, एकाखाली एक. डावीकडं गावाचं नाव, खांबाच्या टोकाला आकडा. आणि बाराखडीप्रमाणं लावू नका, मोठ्याकडून लहानाकडं लावा. आपलं गाव कितवं आहे हे बायका पहिल्यांदा शोधतात, आणि ते लगेच सापडतं.

खांब मात्र शून्यापासून सुरू झाला पाहिजे. समजा, एका ग्रामसंघाची बचत 98,000 आणि दुसऱ्याची 1,02,000 आहे. फरक चार हजारांचा. पण खांब 95,000 पासून काढला तर एक तीन बोटं होतो आणि दुसरा सात बोटं. बघणारीला वाटतं दुसरीकडं दुपटीहून जास्त बचत आहे. कुणी खोटं बोललेलं नाही, आकडे खरे आहेत, तरी चित्र फसवतं. कॉम्प्युटर कधीकधी आपल्या मनानंच असं करून ठेवतो, म्हणून बाजूचा खालचा आकडा बघायची सवय लावून घ्या.

यासाठी मला आपला बोरघाट आठवतो. कर्जतला लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती तुम्ही लहानपणापासून बघताय. 1863 साली ही घाटाची रेल्वे सुरू झाली. तिचा सगळ्यात कडक चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढं गेलं की 1 फूट वर. फळ्यावर ते जसंच्या तसं काढलं (इथं मी काढून दाखवलं होतं) तर रेघ जवळजवळ आडवी दिसते. कुणी म्हणेल, एवढ्याला जादा इंजिनं कशाला? आणि तीच रेघ मी बाजूनं दाबून, कागद अरुंद करून काढली तर भिंतीसारखी उभी दिसते. घाट तोच, गाडी तीच. म्हणून चढउताराची रेघ बघताना आधी बाजूचे आकडे वाचायचे, मग घाबरायचं किंवा टाळ्या वाजवायच्या.

चित्रं काढून दाखवायची हौस असेल तर एक जपा. बचत दुप्पट झाली म्हणून पैशाची पिशवी दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढली, तर ती चौपट जागा घेते आणि डोळ्याला चौपट वाटते. ही चूक मोठमोठ्यांकडून झाली आहे. फ्लॉरेन्स नाईटिंगेल नावाची इंग्लंडमधली नर्स होऊन गेली, परिचारिकांच्या दिनी जिचं नाव घेतात तीच. क्रिमियाच्या लढाईत सैनिक गोळ्यांनी कमी आणि दवाखान्यातल्या घाणीनं, साथीच्या रोगांनी जास्त मेले, हे तिनं 1858 मध्ये महिन्यांच्या पाकळ्या काढून सरकारला दाखवलं. त्यातल्या सुरुवातीच्या एका चित्रात पाकळीची लांबी आकड्याप्रमाणं होती, पण बघणाऱ्याचा डोळा पाकळीची जागा मोजत होता. ते लक्षात आल्यावर तिनं पुढचं चित्र जागेच्या हिशोबानं काढलं. मला तिचं हे चूक सुधारणं त्या चित्राइतकंच आवडतं. आपल्यासाठी सोपा उपाय म्हणजे पिशव्यांचा आकार वाढवायचाच नाही. एक पिशवी म्हणजे हजार रुपये, आणि पाच हजार असतील तर सारख्या पाच पिशव्या.

सरासरीबद्दल थोडं. दहा जणींच्या गटात एकीनं 50,000 कर्ज घेतलं आणि नऊ जणींनी दोन-दोन हजार, तर सरासरी कर्ज 6,800. म्हणजे गटात कुणाचंच कर्ज 6,800 नाही, तरी आपण ते तक्त्यावर लिहितो. त्यापेक्षा दहा जणींना कर्जाच्या क्रमानं रांगेत उभं करा आणि मधल्या दोघींकडं बघा. दोन हजार. आणि सगळं कर्ज एकीकडंच का गेलं, हा प्रश्न मग आपोआप निघतो. कधी त्याचं उत्तर चांगलं असतं, तिनं शिलाईची मशीन किंवा दोन म्हशी घेतलेल्या असतात. कधी नसतं.

तुलना कशाशी करायची तेही बघा. जूनची बचत मेपेक्षा कमी झाली म्हणून सीआरपी ताईंना बोलणी बसतात. जूनमध्ये भाताचं बियाणं असतं, मुलांच्या वह्या-गणवेश असतात, घरावर कौलं-प्लास्टिक घालायचं असतं. कमी होणारच. जूनची तुलना मागच्या जूनशी करा. गणपतीची गणपतीशी. भट्टीच्या महिन्यांची भट्टीच्या महिन्यांशी. आपल्या भागाचं वर्ष सरकारी तिमाहीत बसत नाही.

आता पुन्हा रंगाकडं येते. लाल रंग म्हणजे शिक्षा नाही, लाल म्हणजे 'इथं आधी जा'. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की बँक ते खातं एनपीए धरते, आणि मग त्या गटाला पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. पण आपल्या तक्त्यात 10 दिवस उशीर झालेला गट आणि 85 दिवस झालेला गट, दोघंही 'थकीत' आणि दोघंही लाल. मग जायचं कुणाकडं? आता आम्ही तीन रकाने केलेत: 30 दिवसांपर्यंत, 31 ते 60, आणि 61 ते 90. लाल फक्त शेवटच्या रकान्याला. तिथं अजून हातात दिवस आहेत, उद्या गेलं तर खातं वाचतं. बाकी सगळे साध्या काळ्या अक्षरात. संपूर्ण पान लाल-हिरवं झालं की लाल दिसेनासा होतो.

आणि नुसत्या रंगावर विसंबू नका. झेरॉक्स काढली की लाल आणि हिरवा दोन्ही एकसारखे करडे होतात. शिवाय काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक दिसतच नाही, आणि हे बायकांपेक्षा पुरुषांत बरंच जास्त असतं, म्हणजे समोर बसलेले साहेबही त्यातले असू शकतात. म्हणून लालच्या शेजारी फुली, हिरव्याच्या शेजारी बरोबरची खूण, असं काहीतरी असू द्या. मोबाईलवर पाठवायचं असेल तर आधी स्वतःच्या फोनवर उघडून बघा, बोटांनी मोठं न करता वाचता येतंय का. येत नसेल तर ते एकाऐवजी दोन फोटोंत पाठवा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कुणाचा हप्ता थकलाय ते नावासकट भिंतीवर लावू नका. गटाच्या वहीत ते असतंच, गटात बोललंही पाहिजे. पण समाजमंदिराच्या भिंतीवर येणारे-जाणारे, दीर, सासरा, सगळे वाचतात. त्या बाईचं घरी काय होईल याचा विचार तक्ता करणारीनं करायचा असतो. भिंतीवर गटाचा आकडा, वहीत बाईचं नाव.

मागच्या वर्षीच्या त्या मावशींच्या गटाकडं मी पुन्हा गेले. माफी मागितली, आणि लाल रंग का चुकला ते वहीवरून दाखवलं. त्यांनी लगेच एक काम करून घेतलं माझ्याकडून. म्हणाल्या, तुझं शीट आम्हाला दिसत नाही, आमचं आम्हाला काहीतरी करून दे. मग आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारा उभ्या पट्ट्या आखल्या, एका महिन्याला एक. बैठकीला आलेली प्रत्येक जण आपल्या हातानं एक टिकली लावते, खालून वर. निरोप देऊन न आलेलीसाठी नुसता गोल काढतात. भट्टीवर झालेल्या बैठकीसाठी दुसऱ्या रंगाची टिकली. कॅलेंडर गुंडाळून भट्टीवर सोबत जातं, रजिस्टर पेटीत राहिलं तरी चालतं. परत आल्यावर मी फक्त टिकल्या मोजून रजिस्टरला आणि शीटला चढवते. त्या गटात दोघींनाच लिहिता येतं, पण कुठल्या महिन्यात गट खाली बसला हे सगळ्या जणी लांबून सांगतात. कॉम्प्युटरवर मी काढलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा ते चांगलं झालं आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं असा एक कागद करून आणायचा आहे. प्रश्न एकच घ्या, कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा: हजेरी, बचत, किंवा हप्त्याचे दिवस. कागदावर खाली कोपऱ्यात तारीख घाला, माहिती कुठल्या दिवसापर्यंतची आहे ती. आणि कुणी भरलं तिचं नाव, म्हणजे शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळेल.

(बोलणं संपल्यावर चौकच्या एका ताईंनी विचारलं, पावसाळ्यात भिंत ओली होते, टिकल्या सुटून पडतात, मग हजेरी कमी दिसणार त्याचं काय? त्यांचं म्हणणं खरं आहे. आमच्याही चार टिकल्या जुलैत गळाल्या होत्या. आता आम्ही आधी पेनानं ठिपका देतो आणि मग त्यावर टिकली लावतो.)